मखमली कोटाचा डावा खांदा

प्रभुदास मास्तरांबद्दल दोन शब्द बोला, असं पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा भागवतराव शेवटच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसले होते. आपलं नाव पुकारलं जाईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते उठले, हातातली टोपी दोनदा उलटीसुलटी केली, आणि चर्चमधली पन्नास-साठ माणसं माना वळवून बघत असताना एवढंच म्हणाले की मास्तर चांगले होते, पण मला त्यांची खरी अशी माहिती काहीच नाही. मग ते खाली बसले.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. पण भागवतरावांनी खरं तेच सांगितलं होतं. अकरा वर्षं, रविवार सोडला तर रोज सकाळी, ते मास्तरांच्या दुकानात जाऊन बसत. मास्तर दोरा कात्रीने न कापता दाताने तोडत, चहात साखर अर्धा चमचा घेत, गिऱ्हाइकाचं माप घेताना श्वास रोखून धरत, हे त्यांना ठाऊक होतं. पण मास्तरांच्या आईचं नाव काय, मूळ गाव कोणतं, रात्री झोप लागते का, यातलं त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. आणि आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी, चर्चचे म्हातारे ऑर्गनवादक उठून सांगून गेले होते की प्रभुदास ससाणे बावीस वर्षं गायनवृंदात खालच्या पट्टीत गात होता आणि तसा आवाज पुन्हा झाला नाही. भागवतरावांनी मास्तरांना कधी साधी शीळ घालतानाही ऐकलं नव्हतं.

केडगावात पुणे रस्त्यापासून जरा आत 'दया टेलर्स' हे एका शटरचं दुकान. दया म्हणजे मास्तरांची बायको. ती गेल्यावरही पाटी तीच राहिली. शाळेचे गणवेश, लग्नातल्या बँडवाल्यांचे लाल कोट, चर्चच्या गायनवृंदाचे पांढरे झगे आणि नाताळच्या नाटकातले मेंढपाळ, देवदूत, पूर्वेकडचे तीन ज्ञानी राजे, एवढ्या सगळ्यांचे कपडे तिथे शिवले जात. भागवतराव ठुबे मूळचे पारनेर तालुक्यातले, राळेगणच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. एस.टी.च्या कार्यशाळेत भांडारात कारकून म्हणून जन्म गेला. निवृत्त झाल्यावर एकदा ते पॅन्ट आखूड करायला दुकानात गेले. मास्तर म्हणाले, बसा, होईल दहा मिनिटांत. ते बसले. दुसऱ्या दिवशी काहीच काम नव्हतं तरी बसले. दोघेही कमी बोलणारे. कमी बोलणाऱ्याला आपल्यासारखाच दुसरा भेटला की सुटल्यासारखं होतं.

मास्तरांना दोन मुलं. थोरला स्टीफन, धाकटी आराधना. आराधना पुण्याला एका दवाखान्यात नर्स होती आणि महिन्यातून एकदा बापाला भेटून जायची. स्टीफनही पुण्यालाच होता, पण तो यायचा नाही. का येत नाही, हे भागवतरावांना कळायला चार वर्षं लागली, आणि तेही मास्तरांकडून नव्हे.

एका शनिवारी आराधनाने मशीनवर एक घडी केलेला कागद ठेवला आणि दादाला पाहिजे, एवढंच म्हणाली. कागदावर पेन्सिलीने एक विहीर काढली होती आणि विहिरीच्या तोंडातून माणसाचं डोकं बाहेर आलेलं होतं. मास्तरांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि खणात टाकला. सोमवारी काही बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी सकाळी भागवतराव आले तर मास्तर विहिरीच्या काठासाठी ठिबकच्या काळ्या नळीची कडी करत बसले होते.

स्टीफन गात असे. बँडमध्ये गात असे, पण लग्नातल्या नव्हे. त्या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे आराधनाने भागवतरावांना सांगितलं. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. मध्येच ताल बदलतो, मध्येच सगळं थांबतं आणि एकटी बासरी वाजते. गाण्यात अख्खी गोष्ट असते, आणि गोष्टीत जेवढी पात्रं तेवढे पोशाख. गाता गाताच तो एक कपडा टाकतो आणि दुसरा चढवतो. विहिरीच्या गाण्यात आटलेली विहीर स्वतःची हकिकत सांगते. भागवतरावांना त्यातलं फार समजलं नाही. विहीर बोलते म्हणजे बरंच आहे, एवढं त्यांना वाटलं.

खरी अडचण मापाची होती. मास्तरांकडे स्टीफनचं शेवटचं माप तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हाचं. नवं माप मागवायचं म्हणजे निरोप धाडायचा, आणि निरोप धाडायचा म्हणजे बोलणं आलं. मास्तरांनी वहीतलं जुनं पान काढलं, मग मान वर करून भागवतरावांकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते कापडाच्या ताग्याकडे टाकत.

"भागवतराव, जरा उभे राहता का?"

खांदा साडेसतरा, वहीतल्याएवढाच. उंचीही तीच, फक्त पोट जरा कमी धरायचं. त्या दिवसापासून भागवतराव स्टीफनच्या जागी उभे राहू लागले.

शटर अर्ध्यावर ओढून घ्यायचं, सदरा काढून ठेवायचा आणि दोन्ही हात बाजूला पसरायचे. सहा वर्षांत भागवतराव विहीर झाले, टिटवी झाले, रेल्वेचा फाटकवाला झाले, एकदा तर नुसता पाऊस न पडलेला ढग झाले. आयुष्यभर चारचौघांत उभं राहायला घाबरलेला माणूस, पण त्या अर्ध्या शटरच्या आड टिटवीचे पंख लावून उभं राहिलं की त्यांना बरं वाटायचं. पंख जुन्या छत्र्यांच्या कापडाचे होते आणि काड्याही छत्रीच्याच. एकदा पंख पसरलेले असतानाच एक बाई ब्लाऊज न्यायला वाकून आत आली. भागवतराव लाकडासारखे ताठ उभे राहिले. बाई ब्लाऊज घेऊन गेली आणि जाताना मास्तरांना म्हणाली की पुतळा छान केलाय, फक्त तोंड जरा हसरं पाहिजे होतं. मास्तर त्या दिवशी हसले. ते हसताना आवाज करत नसत, नुसते खांदे हलायचे.

ही गोष्ट गल्लीतून फिरून भागवतरावांच्या बायकोपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. राहीबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या, "घरात साधा दिवा बदलायला हात वर जात न्हाई, अन् तितं पंख लावून उभं ऱ्हाता व्हय? उडून जाऊ नका म्हंजे झालं."

पोशाख तयार झाला की मास्तर तो उलटा करून प्रत्येक शिवण बोटाने चाचपत. गाता गाता उतरवायचे कपडे म्हणून काज-बटण चालायचं नाही. पाठीला चिकटपट्टी, बाजूला टिचबटणं, आणि एका हाताने ओढलं की सगळं सुटलं पाहिजे. ते दहा-दहा वेळा भागवतरावांच्या अंगावरून ओढून बघत. मग जुन्या चादरीत गाठोडं बांधून आराधनाबरोबर पाठवत. तिकडून उत्तर यायचं ते म्हणजे पुढच्या पोशाखाचं चित्र. मास्तरांनी स्टीफनचं गाणं कधी ऐकलं नाही, मोबाईलवरही नाही. आराधनाने एकदा फोन पुढे केला तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. नंतर भागवतरावांना म्हणाले, त्यानं बोलावल्याशिवाय बघायचं नाही. भागवतरावांनी मान हलवली. त्यापुढे काही विचारायचं असतं हे त्यांना तेव्हा सुचलं नाही.

काय झालं होतं ते आराधनाने सांगितलं. स्टीफन एकोणीस वर्षांचा असताना नाताळच्या नाटकात तीन ज्ञानी राजांपैकी एक झाला होता. मास्तरांनी त्याच्यासाठी तांबड्या मखमलीचा झगा शिवला होता. मखमल पुण्याहून आणलेली, तेव्हा चर्चमध्ये तिचीच चर्चा होती. आपल्या वेळी ठरलेलं गीत न गाता स्टीफनने स्वतः रचलेलं काहीतरी सुरू केलं. राजा तारा चुकतो आणि वाळवंटात भलतीकडेच जातो, असं काहीसं. पोरं हसली, वडीलधारे चुळबुळले, कुणीतरी उठून गेलं. मास्तर गायनवृंदात उभे होते. ते तिथून खाली उतरले, मुलासमोर गेले, आणि भरल्या चर्चमध्ये म्हणाले, झगा काढ. स्टीफनने झगा काढला, नीट घडी केली आणि बापाच्या हातात दिला. त्याच आठवड्यात तो पुण्याला गेला. दयाबाई गेल्या तेव्हा येऊन मातीला उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परतला.

"बाबांना आजतागायत कुणी बोललं नाही त्यावरून," आराधना म्हणाली. "कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं."

मास्तरांच्या मनात काय आहे, हे त्या दिवसानंतर भागवतरावांना दिसू लागलं. मुलाने एकदा दुकानात येऊन आपल्यासमोर उभं राहावं. बाकी काही नको. माप घेता घेता जे बोलायचं ते बोलता आलं असतं, किंवा न बोलताही चाललं असतं. पण ये म्हणायला मास्तरांचं तोंड उघडत नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय तो येणार नव्हता.

दोन वर्षांपूर्वी रेल्वे पुलाखाली भागवतराव लुनावरून पडले. गळ्याजवळचं हाड मोडलं, सांधलं ते वेडंवाकडं. डावा खांदा चांगला इंचभर खाली उतरला. त्यांनी त्याचा फार संकोच धरला. डाव्या खांद्यावर पंचा टाकायची सवय लावून घेतली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. मास्तरांनी विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, न्हाई, सगळं झ्याक हाय.

नेमकं त्यानंतर राजाचं चित्र आलं. राज्य गेलेला एक म्हातारा राजा आपल्याच गावात परत येतो आणि त्याला कुणी ओळखत नाही, असं ते गाणं. गुडघ्याखाली उतरणारा लांब कोट, तांबडा. मास्तरांनी दुकानातलं कापड काढलं नाही. घरी गेले आणि ट्रंकेतून तो झगा घेऊन आले, बारा वर्षं घडी न मोडलेला. दोन दिवस बसून त्यांनी तो शिवण-शिवण उसवला. मखमल घडीवर जरा विरली होती, तेवढा भाग आतल्या बाजूला घेतला आणि उरलेल्यातून कोट बेतला.

ट्रायलला भागवतराव पंचा काढून उभे राहिले. आपला खांदा उतरलाय हे सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण मास्तर तोंडात टाचण्या धरून इतके गढून गेले होते की मध्येच बोलणं त्यांना जमलं नाही. मास्तरांनी डाव्या खांद्यावर खडूची रेघ ओढली, थांबले, हात फिरवला, पुन्हा पाहिलं. मग टाचण्या लावल्या. कोट भागवतरावांच्या अंगावर असा बसला, जसा अंगाबरोबरच वाढला असावा.

कोट गेला. दोन महिने काही निरोप आला नाही. त्यानंतर आराधना आली ती मास्तर बाजारात गेलेले असताना, आणि भागवतरावांच्या हातात तिने मोबाईल दिला. रंगमंचावर निळा उजेड होता. मधोमध तांबडा कोट घालून स्टीफन उभा होता. दाढीत दोन-चार केस पांढरे झालेले, उजवा खांदा सरळ आणि डावा खाली पडलेला. त्या उतरलेल्या खांद्यानेच तो चालत होता, वाकत होता, हात पसरत होता. खाली बसलेले लोक स्तब्ध होते. भागवतरावांना पहिल्यांदा वाटलं, यालाही अपघात झाला की काय. मग ते आपलंच उभं राहणं आहे हे त्यांनी ओळखलं.

"कोट बसत नाही त्याला," आराधना हळू म्हणाली. "डावीकडून लोंबतो. म्हणून तोच खांदा पाडून उभा राहतो. लोकांना वाटतं, काय म्हातारा उभा केलाय. मी म्हणलं, परत पाठव, बाबा नीट करून देतील. तर म्हणाला, त्यांनी तो झगा उसवलाय माझ्यासाठी. आता हा परत पाठवला तर त्यांना वाटेल आपला हात गेला. काका, बाबांना यातलं सांगू नका. शपथ आहे."

भागवतरावांनी शब्द दिला. आपल्या संकोचापायी एवढं झालं, हे मात्र त्यांना खाऊ लागलं. महिनाभर त्यांनी दम धरला. कोट बसत नाही हे सांगायचं नाही, पण आपला खांदा उतरलाय हे सांगायला काय हरकत, असा विचार करून एका सकाळी त्यांनी पंचा काढून मशीनवर ठेवला.

"मास्तर, त्या कोटाच्या वेळी म्या एक लपवलं. ह्यो खांदा पडलेला हाय. माप चुकलं आसंल."

मास्तरांनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपली, दोरा दाताने तोडला, मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे खांदे बघतोय, भागवतराव. मला दिसला नसेल का?"

"मग?"

"न बसलेला कपडा गिऱ्हाईक परत घेऊन येतं." त्यांनी दुसरं कापड पुढे ओढलं. "आजवर जाणूनबुजून एकही टाका चुकवला नाही मी. हा एकच. म्हणलं, बसत नाही म्हणून भांडायला तरी येईल."

भागवतरावांनी पंचा उचलून पुन्हा खांद्यावर टाकला. मास्तरच पुढे म्हणाले, "नाही आला. टाकून दिला असेल. पुण्यात काय, शिवणारे ढीगभर." आणि मग, मान खाली घालून, "पोरांना हे कळू देऊ नका. बापाला लाज आहे."

भागवतरावांनी तिथेही शब्द दिला. मुलाने कोट टाकून दिला तर नाहीच, उलट त्यासाठी तो अंग वाकडं करून घेतो, हे त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात शाळेच्या गणवेशाचं गिऱ्हाईक आलं, आणि ओठावरचं परत आत गेलं.

त्यानंतर सबंध पावसाळा आणि हिवाळा असाच गेला. बाप वाट बघत होता आणि मुलगा जपत होता. दोघांचंही गुपित भागवतरावांच्या पोटात होतं. त्यांना जेवण गोड लागेना. राहीबाईंनी दोन-तीनदा विचारलं आणि मग एका संध्याकाळी त्यांनी सगळं सांगून टाकलं. राहीबाई भाकरी थापायची थांबल्या. "आवं, मंग सांगून टाका की. शब्द मोडला तर मोडला. तुमी शब्द पाळून कुनाचं भलं हुतंय?"

तेव्हा फोन करायला हवा होता. आराधनाचा नंबर होता, तिच्याकडून स्टीफनचाही मिळाला असता. पण फोनवर समोरचा माणूस उत्तराची वाट बघतो, आणि तेवढ्याने भागवतरावांची वाचा बसते. त्यांनी पत्र लिहायचं ठरवलं. आठ दिवस लागले. तीन कागद फाडले. स्टीफनचा पत्ता त्यांनी आराधनाने आणलेल्या एका जुन्या पाकिटावरून उतरवून घेतला. पत्र असं होतं:

"स्टीफन यास भागवत ठुबे याचा सलाम. कोटाचा डावा खांदा माझ्या मापाचा आहे. मास्तरांना ते ठाऊक होते. तुम्ही कोट घेऊन परत यावे म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. तुम्ही टाकून दिला असे त्यांना वाटते. तुम्ही घालता हे मला माहीत आहे, त्यांना नाही. कोट बसत नाही एवढे सांगायला एकदा या. बाकी ठीक."

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी ते केडगावच्या पोस्टात टाकलं. रविवारी पहाटे मास्तर झोपेतच गेले. शेजारणीने दूध ठेवायला दार ठोठावलं तेव्हा कळलं.

मुलं दुपारपर्यंत पोचली. संध्याकाळी माती झाली. स्टीफन साध्या पांढऱ्या सदऱ्यात होता, दोन्ही खांदे सरळ. कबरीच्या पायथ्याशी तो ज्या जागी उभा होता तिथून भागवतराव चार हातांवर होते. त्यांच्या खिशात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं, कारण मास्तरांनी ते आदल्या दिवशी मागवलं होतं. ते घेऊन परत येईपर्यंत मास्तर दुकान बंद करून घरी गेले होते, आणि आता सोमवारी देऊ, असं भागवतरावांनी ठरवलं होतं. आणि पत्र त्या वेळी कुठल्या तरी पोस्टाच्या थैलीत होतं. आत्ता बोलावं, असं त्यांना दोनदा वाटलं. पण मातीजवळ माणसं होती, गीत चाललं होतं, आणि बोलायचं ते आता कुणाच्या कामाचंही राहिलं नव्हतं. स्टीफन आणि आराधना रात्री कपडे आणायला पुण्याला गेले. गुरुवारी, म्हणजे ज्या दिवशी भागवतरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं त्या दिवशी, ते परत आले होते.

सभा संपल्यावर भागवतराव गुपचूप निघाले होते. फाटकाशी आराधनाने गाठलं, दुकानापर्यंत चला म्हणाली. तिने शटर वर केलं. मशीनवर अर्धा शिवलेला गणवेश तसाच होता. स्टीफनच्या हातात चादरीचं गाठोडं होतं, मास्तरांनीच बांधून दिलेल्या चादरीचं.

"काका, पत्र मंगळवारी मिळालं," तो म्हणाला.

भागवतराव म्हणाले, "म्या फोन करायला पायजे हुता."

"मी पण," स्टीफन म्हणाला.

त्याने गाठोडं सोडलं, कोट झटकला आणि विचारलं, जरा उभे राहता का. बापाचेच शब्द, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. भागवतरावांनी पंचा काढला. कोट चढला आणि बसला. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. स्टीफनने डाव्या खांद्यावरून हात फिरवला, शिवण बोटाने चाचपली, आणि बराच वेळ तो हात तिथेच राहिला.

"हे नीट करायला बाबांना किती वेळ लागला असता?"

भागवतरावांनी खोटं बोलून पाहिलं असतं, पण त्यांना तेही जमत नव्हतं. "अर्धा तास," ते म्हणाले. "खांदा उसवायचा अन् पुन्हा बसवायचा. चहा येईस्तवर झाला आसता."

आराधना तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. स्टीफनने कोट उतरवून घेतला आणि घडी केली. हा आता उसवायचा नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने विचारलं की बाबा तुमच्याशी शेवटचं काय बोलले.

भागवतरावांना ओशाळल्यासारखं झालं. मुलगा अपेक्षेने बघत होता आणि त्याला द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तुझं नाव घेतलं, असं सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नव्हतं. म्हणून जे झालं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं.

शनिवारी सकाळी भागवतराव दुकानासमोरून गेले ते आत न शिरता. पत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं आणि त्यावर त्यांनी हात धरला होता. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आज बसायचं नाही?"

"येतो. जरा पोस्टात जाऊन."

"पोस्टात? ह्या वयात कुणाला पत्रं लिहायला लागलात, भागवतराव? वहिनींना सांगू का?" मास्तरांचे खांदे हलले.

"हाय एक काम," भागवतराव म्हणाले, आणि पुढे निघाले.

"मग येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणा. संपलंय."

"चाळीस नंबर का साठ?"

"चाळीस."

"आनतो."